पाणी किती येतंय ते नंतर, आधी कसं येतंय ते बघा

मागच्या अंकात मातीच्या धरणांवर, तलावांवर प्रश्न पाठवा असं म्हटलं होतं, तर वाटलं होतं त्याच्या कितीतरी जास्त पत्रं आणि मेसेज आले, बहुतेक गावाकडून आलेत आणि बऱ्याच जणांनी फोटोपण जोडलेत. सगळ्यांना इथे उत्तर देणं जागेमुळे शक्य नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि ज्यांच्या फोटोत मला काळजीचं काही दिसलं त्यांना मी थांबलो नाही, लगेच फोन केलाय. पाटबंधारे खात्यात माझी ३१ वर्षं गेली, त्यातली बरीचशी लहान आणि मध्यम तलावांवर, त्यामुळे खाली जे लिहितोय ते बांधावर चालून बघितलेलं आहे.

प्रश्न : आमच्या गावचा तलाव १९७२ च्या दुष्काळात झालेला. बांधाच्या कोरड्या बाजूला पायथ्याशी एका जागी एप्रिलमध्येसुद्धा हिरवंगार गवत असतं, पाय ठेवला की चिखल होतो, पलीकडे बारीक धार वाहते. आजोबा म्हणतात हे पहिल्यापासून असंच आहे. भाऊ म्हणतो दोन पोती सिमेंट आणून बंद करून टाकू. काय करावं? (एक शेतकरी, ता. माण)

दादा, आधी भावाला थांबवा. सिमेंट, प्लास्टिक, चिकणमाती, काही म्हणजे काही तिथं कोंबायचं नाही. कारण सांगतो.

मातीचं धरण पाझरतंच. न पाझरणारं मातीचं धरण मी तरी आयुष्यात बघितलं नाही. बांधाच्या पोटात काळ्या चिकण मातीचा गाभा असतो, त्याच्या दोन्ही अंगाला मुरमाचा भराव, आणि कोरड्या बाजूच्या पायथ्याशी दगडांचा ढीग रचलेला असतो, त्याला आम्ही रॉक टो म्हणायचो, त्याच्या आत वाळू आणि खडीचे थर असतात. हे सगळं कशासाठी, तर गाभ्यातून जे थोडंफार पाणी झिरपून येतं त्याला बाहेर पडायला वाट मिळावी पण येताना त्याने माती सोबत आणू नये. ही वाट तुम्ही बंद केली की पाणी काही परत तलावात जात नाही, ते बांधाच्या आतच चढत जातं, भराव भिजून जड होतो आणि मग एखाद्या पावसात कोरड्या बाजूचा उतारच्या उतार घसरतो.

म्हणून पाणी येतंय का हा प्रश्नच नाही. ते स्वच्छ येतंय की गढूळ, हा प्रश्न आहे. आजच एक काम करा, पारदर्शक पाण्याची बाटली घ्या, ती धार सुरू होते त्या तोंडाशीच भरा (खाली चिखलात वाहून आल्यावर नको, तिथलं पाणी गढूळच दिसणार), आणि रात्रभर खिडकीत ठेवून द्या. सकाळी तळाशी काही बसलेलं नसेल तर आजोबा म्हणतात ते बरोबर असण्याची शक्यता जास्त. पण बोटभर सोडा, नखाएवढा जरी मातीचा थर बसला असेल तर त्याचा अर्थ बांध आतून वाहून चाललाय. हे सुरू होतं कोरड्या बाजूच्या तोंडापासून, एकेक कण निघतो, मग तिथं बोटाएवढी पोकळी होते, आणि ती पोकळी उलटी, तलावाच्या दिशेने आत आत सरकत जाते. बाहेरून काहीच दिसत नाही. ज्या दिवशी ती पाण्यापर्यंत पोचते त्या दिवशी हातात फक्त काही तास असतात, कधी तेवढेही नसतात.

दुसरं, मोजा. त्याला कुठलं यंत्र लागत नाही, १५ लिटरची बादली आणि मोबाईलचं घड्याळ पुरतं. धार एका पत्र्यावरून किंवा पाइपच्या तुकड्यातून बादलीत पडेल असं करा आणि बादली किती सेकंदात भरते ते वहीत लिहा, आणि त्याच दिवशी तलावात पाणी किती आहे तेही लिहा, पाणी सोडायचं गेट ज्या विहिरीत असतं तिच्या भिंतीवर आकडे असतील तर ते, नसतील तर पिचिंगचा, म्हणजे पाण्याकडच्या उतारावर बसवलेल्या दगडांतला, कितवा दगड बुडालाय ते. हे दुसरं लिहिलं नाही तर पहिल्याला काही अर्थ उरत नाही, कारण तलाव भरला की पाझर वाढणारच. एकाच पातळीला पाझर वाढला तर मात्र धोका. मी एका तलावावर होतो तिथला चौकीदार फार शिकलेला नव्हता पण दर सोमवारी पेन्सिलीने दोन आकडे लिहायचा. एका वर्षी मी त्याची वही चाळत होतो तर तलाव त्याच खुणेला असताना आदल्या वर्षी बादलीला ३८ सेकंद लागलेले आणि त्या आठवड्यात २१. पाणी डोळ्यांना स्वच्छच दिसत होतं. बाटलीत मात्र तळाशी पिवळसर माती बसली. आम्ही तलावाची पातळी हळूहळू उतरवली, धारेच्या तोंडावर आधी जाड वाळू, त्यावर बारीक खडी, त्यावर मोठी खडी आणि वरून दगडांचं वजन असे थर टाकले, म्हणजे पाणी येत राहिलं पण माती अडली, आणि मग पावसाळ्यानंतर बांध उघडून पक्कं काम झालं. ती पेन्सिलीची वही नसती तर आम्हाला कळलंच नसतं.

तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही. ओल नेमकी पायथ्याशी आहे की उतारावर मध्येच? पायथ्याशी असेल तर बरं. उताराच्या मध्यावर ओल दिसली, किंवा बांध डोंगराला टेकतो त्या सांध्यात, किंवा कालव्याला पाणी सोडायचा पाइप बाहेर येतो त्याच्या कडेने, तर बाटली बिटली करत बसू नका, सरळ शाखा अभियंत्याला घेऊन या.

प्रश्न : सर, मी सरपंच आहे. दोन वर्षांपूर्वी गावातल्या मुलांनी तलावात जास्त पाणी थांबावं म्हणून सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी बाहेर पडतं त्या जागी, दीड-दोन फूट उंचीची सिमेंटची भिंत घातली. पाणी खरंच जास्त टिकतं, उन्हाळ्यात टँकर लागला नाही. आता एक निवृत्त मास्तर म्हणतात की हे धोक्याचं आहे, काढून टाका. गावात दोन गट पडलेत. (ता. संगमनेर)

ताई, मास्तरांचं बरोबर आहे आणि भिंत ३१ मेच्या आत काढा. मुलांचा हेतू चांगला होता हे मला मान्य आहे, टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला वाहून जाणारं पाणी बघवत नाही, पण सांडवा ही मातीच्या धरणाची एकच जीव वाचवायची जागा असते. दगडी धरणावरून पाणी गेलं तर ते बऱ्याचदा सोसतं. मातीच्या बांधावरून हातभर पाणी तासभर गेलं की कोरड्या बाजूची माती ओघळत ओघळत चर पडतो आणि मग बांध थांबत नाही. जगभरात मातीची जी धरणं फुटली त्यातली साधारण निम्मी माथ्यावरून पाणी गेल्यामुळे फुटली, आणि जवळपास तेवढीच वर सांगितलेल्या पाझरामुळे.

हिशोब समजून घ्या म्हणजे गावाला सांगता येईल. समजा पुरात सांडव्यावरून १ मीटर उंचीने पाणी जाईल असं धरून सांडवा बांधलाय. तुम्ही अर्धा मीटर भिंत घातली तर वर उरला अर्धा मीटर. लोकांना वाटतं निम्मी उंची राहिली म्हणजे निम्मं पाणी तरी जाईल. नाही जात. तेवढ्या उंचीला साधारण ३५ टक्केच पाणी जातं, कारण उंची कमी झाली की पाण्याचा वेगही कमी होतो. उरलेलं पाणी कुठं जाणार? तलावात चढणार, आणि मुळात लाटांसाठी आणि मोठ्या पुरासाठी माथ्याखाली जी मोकळी जागा ठेवलेली असते ती खाऊन टाकणार. दोन वर्षं काही झालं नाही कारण दोन वर्षं तसा पाऊस झाला नाही, एवढंच.

मी नोकरीत असताना अशीच एक भिंत रात्री पावणेदोनला फोडलीय. पाऊस थांबत नव्हता, बॅटरीच्या उजेडात बघितलं तर पाणी माथ्यापासून वीतभर खाली आणि वाऱ्याने येणारी प्रत्येक लाट वरच्या मुरमाला चाटत होती. ज्या पोरांनी ती भिंत बांधली होती तीच पोरं कमरेला दोर बांधून घण आणि पहार घेऊन पाण्यात उतरली. भिंतीचा पहिला तुकडा गेला तेव्हा जो आवाज झाला तो मला अजून ऐकू येतो. पाणी उतरायला पहाटेचे पाच वाजले. खाली दोन वस्त्या होत्या. त्या रात्री दोर तुटून कुणी वाहून गेलं असतं तर त्याला जबाबदार कोण, याचा मी आजही विचार करतो, आणि म्हणून सांगतो की हे काम उन्हात, कोरड्यात, मे महिन्यात करायचं असतं.

मोरबीचं उदाहरण गावसभेत सांगा. गुजरातमधलं मच्छू नदीवरचं दोन नंबरचं धरण, मधला भाग दगडी आणि दरवाज्यांचा, दोन्ही बाजूंना मातीचे लांब बांध. ११ ऑगस्ट १९७९ ला सांडव्याच्या ताकदीपेक्षा कितीतरी मोठा पूर आला, पाणी मातीच्या बांधांवरून गेलं, बांध वाहून गेले आणि खालचं मोरबी शहर बुडालं. मधला दगडी भाग उभाच राहिला. तिथं कुणी सांडव्यावर भिंत घातली नव्हती, तरी झालं. आपण स्वतःहून सांडवा लहान करतो तेव्हा काय करतोय ते यावरून कळेल.

आणखी, सांडव्याच्या पुढचा नाला बघून घ्या. त्यात कुणी ऊस, मका लावलाय का, वेडी बाभूळ माजलीय का, आणि मासेमारीचा ठेका असेल तर मासे जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळी किंवा बांबूची ताटी लावलीय का. पुरात त्या जाळीत पालापाचोळा, कडबा अडकतो आणि तिची भिंतच होते. ठेकेदाराला लेखी द्या की जून ते ऑक्टोबर जाळी नको. जास्त पाणी हवंय ना, मग गाळ काढा, तो सरळ मार्ग आहे. त्यावरचाच पुढचा प्रश्न आहे.

प्रश्न : गाळमुक्त धरण योजनेत आमच्या तलावातला गाळ काढणं चालू आहे. जेसीबीवाला बांधाच्या अगदी कडेची काळी माती उचलतोय, म्हणतो इथलीच माती सगळ्यात भारी. चालेल का? (ता. माळशिरस)

नाही चालणार, आज संध्याकाळीच थांबवा. ही योजना २०१७ पासून आहे आणि मला ती मनापासून आवडते, शेतात गाळ गेला की जमीन सुधारते आणि तलावाचं पोट मोकळं होतं. पण बांधाला लागून वर्षानुवर्षं जो बारीक काळा गाळ बसतो तो बांधाच्या पायाखालून जाणाऱ्या पाण्याला अडवणारी गोधडीच असते, ती काढली की पाझर वाढतो. शिवाय पायथ्याशी खड्डा पडला की पाण्याकडचा उतार त्यात घसरू शकतो. गाळ तलावाच्या मधल्या आणि वरच्या अंगाला काढा. बांधापासून किती लांब राहायचं ते तुमच्या बांधाच्या उंचीवर ठरतं, अभियंत्याकडून मोजून घेऊन फक्कीची रेघ मारून घ्या आणि ड्रायव्हरला ती दाखवा. आणि गाळ संपून खालचा मूळ मुरूम लागला की तिथं थांबायचं. कोरड्या बाजूने वीटभट्टीला किंवा रस्त्याला माती उचलतात तेही तितकंच वाईट.

प्रश्न : तिवरे धरण फुटलं तेव्हा खेकड्यांमुळे फुटलं असं मंत्री म्हणाले होते, त्यावर खूप चर्चा झाली. खेकडे खरंच धरण फोडू शकतात का? मी सिव्हिल डिप्लोमाला आहे. (चिपळूण)

तुझ्या घराजवळची गोष्ट आहे म्हणून नीट सांगतो. २ जुलै २०१९ च्या रात्री तिवरे धरण फुटलं, भेंदवाडी वाहून गेली, वीसहून जास्त माणसं गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती हे तेव्हा सगळ्या पेपरांत आलं. त्या गावकऱ्यांना काय वाटलं असेल याचा विचार कर. त्यांनी गळती बघितली, सांगितली, आणि शेवटी त्यांना खेकड्यांचं नाव ऐकायला मिळालं.

आता तांत्रिक बाजू. खेकडे, घुशी, साळिंदर, वाळवी हे सगळे बांध पोखरतात, हे खोटं नाही, कोकणात तर पाण्याच्या रेषेजवळ खेकड्यांची बिळं सर्रास असतात. पण बांध पायथ्याशी किती रुंद असतो ते बघ, २० मीटर उंचीच्या बांधाचा पायथा सहज शंभर मीटरच्या आसपास जातो, आणि खेकड्याचं बीळ हातभर, फार तर दोन-तीन हात. एवढ्याने चांगला दाबलेला, चांगली देखभाल असलेला बांध फुटत नाही. जिथं माती नीट दाबलेली नाही, पाइपच्या कडेने आधीच पोकळी आहे, किंवा माथ्याजवळ बांध अरुंद आहे आणि पाणी तिथवर चढलंय, तिथं मात्र बिळं पाझराची वाट निम्मी करून देतात. बीळ दिसलं की ते शेवटपर्यंत मोकळं करून ओलसर चिकण माती थोडी थोडी घालत सळईने ठासून भरायचं, नुसता दगड बसवून तोंड बंद करायचं नाही. हे वर्षातून दोनदा करायचं साधं काम आहे, आणि ते होत नसेल तर प्रश्न खेकड्याचा राहत नाही.

प्रश्न : आमच्याकडे मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जुनी मोठी झाडं आहेत. काही जण म्हणतात झाडांची मुळं माती धरून ठेवतात, काही म्हणतात तोडा. आणि ग्रामपंचायत यंदा पाळीवर आणखी रोपं लावायचं म्हणतेय. (जि. गोंदिया)

नवी रोपं पाळीवर अजिबात नको. मुळं माती धरतात हे डोंगरउतारावर खरं आहे, पण बांधात मूळ म्हणजे पाण्याला तयार वाट, ते जिवंत असतं तोवर ठीक, मेलं की काही वर्षांत कुजतं आणि त्याच्या जागी पोकळ नळी राहते. वादळात मोठं झाड मुळासकट उपटलं तर पाळीचा लचकाच जातो. रोपं पायथ्यापासून पुरेशी लांब, खालच्या मोकळ्या जागेत लावा, तिथं कितीही लावा.

जुन्या झाडांचं मात्र घाईने काही करू नका. मनगटापेक्षा बारीक जे आहे, झुडपं, वेडी बाभूळ, ते मुळासकट काढा. मोठं झाड नुसतं वरून तोडलं तर खालची मुळं कुजायला लागतात आणि धोका वाढतो. ते काढायचंच असेल तर उन्हाळ्यात, तलाव उतरलेला असताना, मुळं खणून काढून तो खड्डा चांगल्या मातीने थरथर दाबून भरायचा, अभियंता समोर असताना. तोवर पाळ साफ ठेवा. झाडीचा सगळ्यात मोठा तोटा मला वाटतो तो म्हणजे झाडीत काही दिसत नाही, ओल, भेग, बीळ, सगळं झाकलं जातं. उतारावर हरळी उत्तम, बोटभर उंचीची, दाट.

तुमच्या भागातले हे हजारो तलाव कोहळी आणि इतर समाजांनी, मालगुजारांनी शेकडो वर्षं राखले, मालगुजारी गेल्यावर तलाव सरकारकडे आले आणि माजी मालगुजारी म्हणून मामा तलाव झाले. जुने लोक दर वर्षी पावसाआधी पाळीवर माती टाकायचे. गावात कुणी म्हातारं माणूस असेल तर त्यांना पाळीवर घेऊन चला, पाणी कुठून फुटायचं आणि माती कुठली आणायचे ते त्यांना आठवत असतं.

प्रश्न : मे महिन्यात बांधाच्या माथ्यावर भेगा पडतात, पावसात बुजतात. दुर्लक्ष करावं का? (जि. परभणी)

भेग कुठल्या दिशेने आहे त्यावर आहे. काळी माती उन्हात तडकतेच, जाळीसारख्या बारीक उथळ भेगा असतील तर फार काळजी नाही. माथ्याच्या लांबीला धरून एक लांब भेग असेल, आणि तिची एक कड दुसरीपेक्षा खाली बसलेली असेल, तर उतार घसरायला लागलाय. आणि माथ्याला आडवी, म्हणजे पाण्याकडून कोरड्या बाजूकडे जाणारी भेग असेल तर ती सगळ्यात वाईट, कारण पाणी चढलं की त्यातून थेट आरपार. वरून माती लोटून बुजवू नका, खाली ती तशीच राहते. आम्ही आधी भेगेत चुन्याचं पाणी ओतायचो आणि मग चर खणायचो, पांढरी रेघ जिथवर दिसते तिथवर भेग, त्याच्याही खाली जायचं, आणि मग ओलसर मातीचे पातळ थर टाकून चोपण्याने चोपत वर यायचं. पाऊस तोंडावर आला असेल तर तेवढ्यापुरतं ताडपत्रीने झाका आणि कळवा. माथ्यावरून ट्रॅक्टरची ये-जा असेल तर ती बंद करा, चाकोरीत पाणी साचून मुरतं.

प्रश्न : माझी आजी पानशेतच्या पुराची आठवण सांगायची. ते धरण मातीचं होतं म्हणून फुटलं का? मातीची धरणं मुळात कच्चीच असतात का? (पुणे)

नाही. पैठणचं जायकवाडी मातीचंच आहे, जवळपास १० किलोमीटर लांब. देशात सगळ्यात जास्त मोठी धरणं आपल्या राज्यात आणि त्यातली बहुतेक मातीची. सोलापूरजवळचा एकरूख तलाव, आपण हिप्परगा म्हणतो तो, इंग्रजांच्या काळातला मातीचा बांध, मालवणचा धामापूर तलाव तर १५३० चा सांगतात, त्याला २०२० मध्ये जागतिक सिंचन वारसा म्हणून मान्यता मिळाली. माती टिकते, तिच्याकडे लक्ष ठेवलं तर.

पानशेतला जे झालं त्याचं मूळ बांधाच्या पोटातून जाणाऱ्या विमोचकात होतं, म्हणजे पाणी बाहेर सोडायच्या बोगद्यात. काम पूर्ण व्हायच्या आधीच १९६१ च्या पावसाळ्यात पाणी अडवलं गेलं, विमोचकाचे दरवाजे पूर्ण बसलेले नव्हते, त्यातून जोरात जाणाऱ्या पाण्याने त्याला हादरे बसले आणि त्याच्या वरचा भराव खचायला लागला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. १२ जुलैच्या सकाळी बांध फुटला, ते पाणी खालच्या खडकवासल्यावर आलं, ते दगडी धरण तेव्हाच ऐंशी वर्षांचं होतं, दुपारी तेही फुटलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पानशेत नंतर पुन्हा बांधलं, आज तुमच्या नळाला त्याचंही पाणी येतं.

यातून लहान तलाववाल्यांनी घ्यायचं ते इतकंच की मातीच्या बांधात काँक्रीटचा किंवा लोखंडाचा पाइप जिथून जातो तो सांधा सगळ्यात नाजूक, कारण पाइपच्या कडेला माती नीट दाबता येत नाही. विहिरीतलं गेट वर्षातून दोनदा पूर्ण उघडून पूर्ण बंद करा, ग्रीस घाला. गेट पूर्ण बंद असताना पाइपमधून पाणी येत राहिलं तर एकतर गेट गळतंय, नाहीतर पाइप मध्येच फुटून बांधातलं पाणी आत घेतोय, आणि हे दुसरं असेल तर पाणी गढूळ असतं. पुन्हा तीच बाटली.

प्रश्न : तक्रार करायची कुणाकडे? प्रत्येक ऑफिस दुसऱ्याकडे बोट दाखवतं. आणि रात्री-अपरात्री काही झालं तर? (बऱ्याच वाचकांकडून)

साधारण हिशोब असा. १०० हेक्टरपर्यंत भिजवणारा तलाव जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारेकडे, त्यावर ६०० हेक्टरपर्यंत मृद व जलसंधारण विभागाकडे, त्याहून मोठा जलसंपदाकडे. तलावाचं भिजवायचं क्षेत्र तलाठी ऑफिसात किंवा बांधावरच्या पाटीवर मिळतं. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यात १५ मीटरपेक्षा उंच धरणं येतात, आणि १० ते १५ मीटरमधलीसुद्धा, जर लांबी निदान ५०० मीटर किंवा साठा निदान १० लाख घनमीटर असेल तर, आणखीही एक-दोन अटी आहेत. त्यांची पावसाळ्याआधी आणि नंतर अशी वर्षातून दोनदा तपासणी करणं कायद्याने बंधनकारक आहे. तुमचा तलाव त्यात बसत असेल तर दोन्ही तपासणींचे अहवाल माहिती अधिकारात मागा, नुसती तक्रार करण्यापेक्षा त्याने काम लवकर हलतं. बसत नसेल तर तुमची बादलीची वही हाच तुमचा अहवाल, तिच्या झेरॉक्स आणि तारखेचे फोटो जोडून लेखी द्या आणि पोच घ्या.

रात्रीचं सांगतो. पाझर अचानक वाढला आणि गढूळ झाला, किंवा तलावाच्या पाण्यात बांधाजवळ भोवरा दिसला, तर आधी खालच्या वस्त्या. खात्री करत बसू नका. देवळाचा, मशिदीचा भोंगा लावा, १०७७ ला जिल्ह्याचा आपत्ती कक्ष लागतो, ११२ ला पोलीस. म्हातारी माणसं, बाळंतीण, आजारी कुठल्या घरात आहेत आणि त्यांना उचलून कोण नेणार ही यादी आत्ताच, कोरड्या दिवसांत करून ठेवा. पळायचं ते नाल्याच्या कडेकडेने खाली नाही, आडवं, चढाकडे. भोवरा नसेल आणि पाणी नुसतं गढूळ येत असेल तर अभियंता येईपर्यंत धारेच्या तोंडाभोवती वाळूच्या पोत्यांचं कडं रचता येतं, आत पाणी थोडं चढलं की जोर कमी होतो, पण धार दाबून बंद करायची नाही. भोवरा दिसला असेल तर बांधावर एकानेही जायचं नाही. गोठ्यातली दावी कापून टाका, जनावरं आपोआप उंचावर जातात, त्यांना हाकत बसू नका.

माळशिरसच्या वाचकांनी बांधाच्या पायथ्याचा दुसरा फोटो पाठवला होता तो अंधारात काढल्यामुळे काही कळत नाही, तो दिवसा, शेजारी माणूस उभा करून पुन्हा पाठवा. आणि माणच्या दादांनी बाटलीचं काय झालं ते कळवा.